उद्याचा आपत्ती व्यवस्थापक : तिथी, भरती आणि गर्दी यांचे गणित

आपत्ती सांगून येत नाही, असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. देवगड तालुक्यातील कुणकेश्वरच्या किनाऱ्यावर मात्र ही म्हण पुरती लागू पडत नाही. येथील महाशिवरात्रीची यात्रा पंचांगात ठरलेली असते. समुद्राची भरती तिथीप्रमाणे येते, पावसाळ्याचा महिना ठाऊक असतो आणि चक्रीवादळाची चाहूल हवामान खात्याला अनेकदा काही दिवस आधी लागते. तरीही किनाऱ्यावर माणसे बुडतात, नौका फुटतात, यात्रांमध्ये चेंगराचेंगरी होते. संकटाची सूचना मिळणे आणि त्या सूचनेचे वेळेवर निर्णयात रूपांतर होणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांच्यामधील अंतर भरून काढणे हेच आपत्ती व्यवस्थापकाचे काम होय.

हे काम आता हौसेचे किंवा अतिरिक्त कार्यभाराचे राहिलेले नाही. तो स्वतंत्र व्यवसाय बनत आहे. त्यासाठी कोणती कौशल्ये लागतात, हे पाहण्यास कुणकेश्वरइतके बोलके ठिकाण क्वचितच सापडेल.

कायदा आला, माणूस घडायचा आहे

महाराष्ट्राने या विषयाचे धडे मोठी किंमत देऊन घेतले आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात सुमारे ८ हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर राज्यात आपत्ती व्यवस्थापनाचे आराखडे आखण्याच्या कामाला वेग आला. २५ जानेवारी २००५ रोजी वाई तालुक्यातील मांढरदेवीच्या यात्रेत सुमारे ३०० भाविकांचा बळी गेला. त्याच वर्षी २६ जुलैला मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. डिसेंबर २००५ मध्ये केंद्राचा आपत्ती व्यवस्थापन अधिनियम झाला. राष्ट्रीय प्राधिकरण पंतप्रधानांच्या, राज्य प्राधिकरण मुख्यमंत्र्यांच्या आणि जिल्हा प्राधिकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली, अशी त्रिस्तरीय रचना त्यातून उभी राहिली. २०२५ च्या दुरुस्तीने राज्यांच्या राजधान्या आणि महानगरपालिका असलेल्या शहरांसाठी स्वतंत्र नागरी प्राधिकरणाची तरतूद केली.

रचना उभी राहिली, तरी तिच्यातील व्यावसायिक माणसाचे स्थान अजून पक्के झालेले नाही. जिल्हाधिकाऱ्यांकडे महसुलापासून निवडणुकीपर्यंत असंख्य कामे असतात. या विषयाचा पूर्णवेळ विचार करणारे पद म्हणजे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन अधिकारी. राज्यात अनेक ठिकाणी ते दीर्घकाळ कंत्राटी पद्धतीने भरले गेले. ज्या माणसाने जिल्ह्यातील प्रत्येक खाडी, घाट आणि यात्रा ओळखावी, त्याचीच नेमणूक अल्प मुदतीची असेल, तर त्याचे ज्ञान त्याच्याबरोबरच निघून जाते.

पहिले कौशल्य : जागा वाचता येणे

कुणकेश्वराचे शिवमंदिर अगदी समुद्राला लागून आहे. वादळात सापडलेल्या एका परदेशी व्यापाऱ्याला येथे दिवा दिसला, त्याने प्राण वाचल्यास मंदिर बांधण्याचा नवस केला, अशी आख्यायिका सांगितली जाते. म्हणजे या स्थानाची लोकस्मृतीच समुद्रातील संकटाशी जोडलेली आहे. महाशिवरात्रीला येथे लाखोंच्या संख्येने भाविक येतात. त्यात पंचक्रोशीतील ग्रामस्थ असतात, तसेच मुंबईचे चाकरमानीही असतात. ठिकठिकाणच्या ग्रामदेवतांच्या देवस्वाऱ्या वाजतगाजत येतात आणि अमावास्येला समुद्रात तीर्थस्नान करतात.

आता याच घटनाक्रमाकडे व्यवस्थापकाच्या नजरेने पाहावे. महाशिवरात्र माघ वद्य चतुर्दशीला येते आणि तीर्थस्नान तिच्यामागोमाग येणाऱ्या अमावास्येला असते. अमावास्येच्या सुमारास सूर्य आणि चंद्र यांचे आकर्षण एका रेषेत येते आणि समुद्राला उधाणाची भरती असते. भरतीची वेळ काढण्याचा एक जुना आडाखा कोकणात आहे : तिथीची पाऊणपट करावी. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणून साधारण तीन वाजता पूर्ण भरती. या हिशेबाने चतुर्दशीला साडेदहा आणि अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास समुद्र भरतो. त्याआधीचे सहा तास पाणी सतत वर चढत असते.

याचा अर्थ स्पष्ट आहे. अमावास्येच्या सकाळी, किनाऱ्यावर गर्दी वाढत जाते तेव्हाच वाळूचा मोकळा पट्टा अरुंद होत जातो. पहाटे जिथे हजार माणसे सहज उभी राहतात, तिथे चार-पाच तासांनी तेवढी जागा उरत नाही. हा आडाखा केवळ अंदाज देतो. प्रत्यक्ष नियोजनासाठी भरती-ओहोटीचे अधिकृत तक्तेच वापरावे लागतात. परंतु हा प्रश्न ज्याच्या मनात उमटतो, तोच ते तक्ते उघडून पाहतो. भूगोल वाचता येणे ते याला म्हणतात.

केवळ नकाशावर विसंबणेही धोक्याचे असते. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ही वाडी संभाव्य दरडग्रस्त ठिकाणांच्या यादीत नव्हती, असे शासनाने विधिमंडळात सांगितले. यादी ही सुरुवात असते, शेवट नव्हे. डोंगराला पडलेली भेग किंवा अचानक गढूळ झालेला झरा गावकऱ्यांना आधी दिसतो. ती माहिती कार्यालयापर्यंत पोहोचण्याची वाट तयार ठेवणे, हा त्या वाचनाचा दुसरा भाग आहे.

दुसरे कौशल्य : गर्दीचे शास्त्र

यात्रेतील दुर्घटनेला लोकांची बेशिस्त कारणीभूत ठरवणे सोपे असते. गर्दीचे शास्त्र वेगळे सांगते. दर चौरस मीटरला चार ते पाच माणसे होईपर्यंत व्यक्ती आपल्या इच्छेने हालचाल करू शकते. ही संख्या सहा-सातवर गेली की गर्दी द्रवासारखी वागू लागते. मागून आलेला धक्का लाटेसारखा पुढे सरकतो आणि मधल्या माणसाच्या हाती काहीच उरत नाही. अशा वेळी बहुतेक मृत्यू तुडवले गेल्याने नव्हे, तर छाती दाबली जाऊन श्वास कोंडल्याने होतात. मागच्या माणसाला पुढे काय चालले आहे ते दिसत नसते. तो आपल्या परीने केवळ दर्शनाला निघालेला असतो.

मांढरदेवीला अरुंद वाट, दुकानांची दाटी, नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या आणि पुढे लागलेली आग, ही सारी कारणे एकावर एक चढली. न्यायमूर्ती राजन कोचर यांच्या आयोगाने त्या दुर्घटनेची चौकशी केली. नाशिकला २७ ऑगस्ट २००३ रोजी सिंहस्थात शाहीस्नानाच्या दिवशी ३९ भाविक मरण पावले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर २३ प्रवाशांचा जीव गेला. तेथे यात्रा नव्हती, उत्सव नव्हता. होती ती अरुंद जिन्यावरची रोजचीच गर्दी आणि अचानक आलेला पाऊस. शहरी वाचकाने हा विषय गावाकडच्या जत्रेचा म्हणून बाजूला ठेवू नये.

व्यवस्थापकाला येथे साधे अंकगणित यावे लागते. सपाट वाटेच्या दर मीटर रुंदीतून मिनिटाला साधारण ८० माणसे सुरक्षितपणे जाऊ शकतात, असे गर्दी नियोजनात धरतात. समजा, वाट तीन मीटर रुंद आहे. मिनिटाला २४०, म्हणजे तासाला १४ हजार ४०० माणसे तिच्यातून जातील. ५० हजार माणसांना बाहेर पडायला जवळपास साडेतीन तास लागतील. पायऱ्या असल्यास त्याहून अधिक. मध्येच खेळण्यांच्या दुकानाने मीटरभर जागा अडवली, तर वाटेची क्षमता एक तृतीयांशाने घटते. हे गणित यात्रेच्या महिनाभर आधी कागदावर मांडले, तर दुकानाची जागा बदलता येते. यात्रेच्या दिवशी ते उमगले, तर हाती फक्त शिट्टी उरते.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१४ मध्ये मोठ्या जनसमुदायाच्या नियोजनासाठी स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. येण्याची व जाण्याची वाट वेगळी ठेवणे, गर्दी लांबवरच टप्प्याटप्प्याने थोपवणे, रुग्णवाहिकेसाठी मोकळा रस्ता राखणे हे तिचे सार आहे. तारामुंबरी-मिठमुंबरी पुलामुळे देवगड आणि कुणकेश्वर यांच्यातील अंतर बरेच कमी झाले. अशा प्रत्येक नव्या रस्त्याबरोबर गर्दीचे गणितही नव्याने मांडावे लागते. कारण जवळचा रस्ता माणसे लवकर बाहेर काढतो, तसा लवकर आतही आणतो.

तिसरे कौशल्य : सूचनेचा निर्णय करणे

समुद्राच्या बाबतीत गेल्या काही वर्षांत माहितीची उणीव बरीच कमी झाली आहे. भारतीय हवामान विभाग चक्रीवादळाचा मार्ग आणि वेग आधी सांगतो. हैदराबादची राष्ट्रीय महासागर माहिती सेवा संस्था लाटांच्या उंचीचा अंदाज देते. त्सुनामीची सूचना देणारे केंद्रही तिथेच आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे मोबाइल अॅप विजेचा इशारा देते.

तरीही नोव्हेंबर २००९ मध्ये ‘फयान’ वादळ आले, तेव्हा कोकणातील अनेक मच्छीमार समुद्रात होते आणि कित्येक जण परतले नाहीत. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ वादळाने सिंधुदुर्गला झोडपले. देवगड बंदरात आश्रयाला नांगरून ठेवलेल्या नौका भरकटल्या आणि खलाशांचे प्राण गेले. त्याच वादळात मुंबईजवळच्या समुद्रात ‘पी-३०५’ हा तराफा बुडून ७० हून अधिक कामगार मरण पावले. त्या वादळाचे इशारे काही दिवस आधीपासून दिले जात होते.

बंदरात उभी केलेली नौका सुरक्षित, हा समज तौक्तेने खोटा ठरवला. नौका बंदरात आली, पण तिच्यावरचे खलाशी जमिनीवर उतरले का? नांगराची दोरी किती जुनी आहे? शेजारची नौका सुटली तर ती कोणावर आदळेल? इशाऱ्यात असे प्रश्न नसतात. ते व्यवस्थापकाने विचारायचे असतात. ‘वाऱ्याचा वेग ताशी अमुक किलोमीटर’ या वाक्याचे ‘आज संध्याकाळी पाचपूर्वी सर्व खलाशांनी नौका सोडावी’ या वाक्यात भाषांतर करता येणे, हे या व्यवसायातील सर्वांत मोलाचे कौशल्य मानावे लागेल. त्यासाठी विज्ञान समजावे लागते, पण तेवढेच पुरत नाही. वादळाने दिशा बदलली तर लोक हसतील, ही भीती पचवावी लागते. अनिश्चिततेत निर्णय घेणे आणि तो का घेतला हे प्रामाणिकपणे सांगणे, हे शिकण्याचेच विषय आहेत.

चौथे कौशल्य : माणसे ओळखणे

राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची महाराष्ट्रातील पाचवी बटालियन पुण्याजवळ सुदुंबरे येथे आहे. पावसाळ्यात तिच्या तुकड्या ठिकठिकाणी आधीच पाठवल्या जातात. तरी अचानक घडलेल्या घटनेत दल किनाऱ्यावर पोहोचेपर्यंत कित्येक तास जाऊ शकतात. पाण्यात बुडणाऱ्याकडे काही मिनिटेच असतात. ती मिनिटे नेहमी स्थानिकांच्या हातात असतात.

सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर रापण ओढणारे, तांडेल, खलाशी यांना पाण्याची जाण पिढ्यानपिढ्यांची आहे. कोणत्या ठिकाणी वाळूचा तळ अचानक खचतो, किनाऱ्याकडून आत ओढणारा प्रवाह कुठे तयार होतो, हे त्यांना ठाऊक असते. शहरातून सहलीला आलेल्यांना ते दिसत नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून आलेले १४ विद्यार्थी बुडाले. डिसेंबर २०२३ मध्ये देवगडच्या किनाऱ्यावरही सहलीला आलेल्या विद्यार्थ्यांवर असाच प्रसंग ओढवला. स्थानिकांचे ज्ञान आणि पाहुण्यांचे अज्ञान यांच्यामध्ये फलक, दोरखंड, जीवरक्षक आणि वेळेवर दिलेला आवाज उभा करणे, हे व्यवस्थापकाचे काम आहे.

यात्रेत तर माणसे ओळखण्याचे महत्त्व आणखी वाढते. देवस्वारीचा क्रम, तिचा मान, बारापाच मानकऱ्यांचा अधिकार हे विषय कोणत्याही शासकीय परिपत्रकात बसत नाहीत. उधाण वाढल्यास तीर्थस्नानाची वेळ थोडी पुढे-मागे करावी, असे सांगायचे असेल, तर ते कोणाशी, केव्हा आणि कोणत्या शब्दांत बोलावे, हे कळावे लागते. आदल्या रात्री ध्वनिक्षेपकावरून काढलेला हुकूम वादाला निमंत्रण देतो. महिनाभर आधी देवस्थानचे विश्वस्त, ग्रामपंचायत, पोलीस पाटील आणि मानकरी यांच्यासोबत भरतीचा तक्ता समोर ठेवून झालेली बैठक मात्र बहुधा मार्ग काढते. श्रद्धेचा मान राखूनही सुरक्षिततेबाबत तडजोड न करणे ही कसरत आहे. तिचा सराव असावा लागतो.

पाचवे कौशल्य : एका सूत्रात काम

मोठ्या दुर्घटनेच्या जागी पोलीस, महसूल, आरोग्य, अग्निशमन, तटरक्षक दल, स्वयंसेवक आणि नेतेमंडळी असे सगळेच पोहोचतात. कोणी कोणाचे ऐकायचे, हे ठरलेले नसेल तर मदतच अडथळा बनते. अमेरिकेत कॅलिफोर्नियात १९७० मध्ये लागलेल्या प्रचंड वणव्यांनंतर या गोंधळावर उपाय म्हणून एक समान आदेशपद्धती तयार करण्यात आली. भारतात राष्ट्रीय प्राधिकरणाने २०१० मध्ये त्याच धर्तीवर घटना प्रतिसाद प्रणालीच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. एका घटनेला एक प्रमुख, त्याच्या हाताखाली प्रत्यक्ष कारवाई, नियोजन आणि साधनसामग्री असे विभाग, आणि एका व्यक्तीच्या थेट देखरेखीखाली साधारण पाचच माणसे, हा तिचा गाभा आहे.

ही रचना कागदावर सोपी दिसते. घटनास्थळी ज्येष्ठ अधिकारी आला, तरी सूत्रे ठरलेल्या प्रमुखाकडेच ठेवणे अवघड जाते. म्हणूनच रंगीत तालमीला पर्याय नाही. तालीम घेताना चुका उघड होणे हेच तिचे यश असते. बिनतारी संच चालला नाही, रुग्णवाहिका वाटेत अडकली, नियंत्रण कक्षात दूरध्वनी उचलायला कोणी नव्हते, हे तालमीत कळले तर बरे.

बचावाच्या घाईतही शिस्त सुटू नये, याची आठवण ऑगस्ट २०१९ मधील सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळची दुर्घटना करून देते. पुरातून ग्रामस्थांना बाहेर काढणारी बोट उलटून अनेकांचे प्राण गेले. बोटीत किती माणसे बसवायची, हे सांगणारा आणि पुढच्या माणसाला थांबवू शकणारा कोणीतरी काठावर असावा लागतो.

संकटानंतरचे काम

वादळ ओसरले की छायाचित्रकार परततात आणि व्यवस्थापकाचे लांबलचक काम सुरू होते. तौक्तेनंतर कोकणात घरे, नौका, जाळी, आंब्या-नारळाच्या बागा यांचे पंचनामे करावे लागले. पंचनामा उशिरा किंवा अपुरा झाला तर त्याचा भुर्दंड त्या कुटुंबाला सोसावा लागतो. नौका ज्याच्या नावावर नाही, पण जो तिच्यावर खलाशी होता, त्याचे नुकसान कोणत्या रकान्यात लिहायचे? विधवा, वृद्ध आणि अपंग व्यक्तींपर्यंत मदत पोहोचली का? हे पाहणारी नजर हेसुद्धा व्यावसायिक कौशल्यच आहे. जून २०२० मध्ये ‘निसर्ग’ वादळ करोनाच्या साथीतच आले. निवारा केंद्रात माणसे जवळ आणायची की दूर ठेवायची, असा पेच तेव्हा उभा राहिला. यापुढे संकटे अशी जोडीनेही येऊ शकतात.

अमेरिकेत २०१७ मध्ये पुढील पिढीच्या आपत्ती व्यवस्थापकांसाठी १३ क्षमतांची यादी प्रसिद्ध झाली. चिकित्सक विचार, व्यावसायिक नीती, सतत शिकण्याची वृत्ती, विज्ञान, भूगोल, समाज व तंत्रज्ञान यांची जाण, लोकसहभाग, शासनव्यवहाराचे ज्ञान आणि नेतृत्व यांचा तिच्यात समावेश आहे. दोरखंड बांधणे किंवा बोट चालवणे त्या यादीत नाही. ती कामे महत्त्वाची आहेत, परंतु ती बचाव पथकाची आहेत. व्यवस्थापकाने ती करणारी माणसे योग्य वेळी योग्य ठिकाणी असतील, हे पाहायचे असते.

शिक्षण कोठे?

महाराष्ट्रात या विषयाच्या शिक्षणाच्या सोयी आहेत. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत आपत्ती अभ्यासाचे स्वतंत्र विद्यालय आहे. पुण्याची ‘यशदा’ ही संस्था शासकीय अधिकारी व कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देते. नागपूरला राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची अकादमी आहे. ‘आपदा मित्र’ या केंद्राच्या योजनेतून देशातील ३५० जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवक तयार करण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले.

अभियांत्रिकी, भूगोल, समाजकार्य, परिचर्या, पत्रकारिता अशा कोणत्याही शाखेचा पदवीधर या क्षेत्राकडे वळू शकतो. मात्र वर्गातील शिक्षणाला एखाद्या यात्रेचा, बंदराचा किंवा पूरग्रस्त तालुक्याचा प्रत्यक्ष अनुभव जोडला गेला पाहिजे. विद्यार्थ्याने कुणकेश्वरसारख्या ठिकाणी यात्रेच्या महिनाभर आधीपासून काम केले, वाटा मोजल्या, बैठकींना बसला आणि यात्रेनंतर काय चुकले याची नोंद केली, तर त्याला जे कळेल ते परीक्षेच्या तयारीतून कळणार नाही.

सामान्य नागरिकानेही काही क्रमांक पाठ ठेवणे हिताचे आहे : कोणत्याही तातडीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, जिल्हा नियंत्रण कक्षासाठी १०७७ आणि समुद्रातील संकटासाठी तटरक्षक दलाचा १५५४.

या व्यवसायाची एक अडचण अशी की, त्यातील यश दिसत नाही. यात्रा सुरळीत पार पडली तर कोणाचा सत्कार होत नाही आणि न झालेल्या दुर्घटनेची बातमी छापून येत नाही. त्यामुळे अशा माणसावर होणारा खर्च अनावश्यक वाटू लागतो आणि पद रिकामे राहते. जिल्ह्यांनी हे पद कायम स्वरूपात भरावे, त्यावर प्रशिक्षित माणूस नेमावा आणि त्याला आपला जिल्हा ओळखण्याइतका काळ द्यावा. पुढची महाशिवरात्र आणि पुढचा पावसाळा कधी येणार, हे सर्वांनाच ठाऊक आहे. तयारीला पुरेसा वेळ मिळाला नाही, ही सबब त्यानंतर कोणाला सांगता येणार नाही.